थंड भट्टीच्या गावी: रूरमधले पाच दिवस

पहिला दिवस, शुक्रवार

ऑफिसच्या कामासाठी दोन आठवडे जर्मनीत ड्युसेलडॉर्फला होते. काम गुरुवारी आटोपलं आणि परतीचं विमान होतं बुधवारी. मधल्या दिवसांसाठी सहकाऱ्यांनी पॅरिस सुचवलं, अॅमस्टरडॅम सुचवलं. मी म्हटलं, ड्यूसबुर्गला जातेय, बंद पडलेला लोखंडाचा कारखाना बघायला. एकाने "का?" एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कॉफी आणायला गेला.

त्या 'का'चं उत्तर डोंबिवलीत राहतं. बाबा मुंबईत कापड गिरणीत होते, त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईत. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी दोन वर्षांची होते. अडीच लाख कामगारांबरोबर बाबा गेटाबाहेर आले ते कायमचेच. पुढे वीस वर्षं त्यांनी एका सोसायटीत रखवालदारी केली. गिरणीच्या जागी आता काय आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, पण त्या रस्त्याने टॅक्सी जायला लागली की ते दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघतात.

फोटो पाठवते म्हटल्यावर ते फोनवर म्हणाले, "फोटो काय करायचेत? गंजकं लोखंड इथं कमी आहे का? तू विचारून ये." काय विचारायचं तेही त्यांनीच सांगितलं. पाणी प्यायला कुठे जायचे? पाळी सुटल्यावर आंघोळ कुठे करायचे? बंद पडायच्या वेळी कुणी भांडलं का? आणि सामान कुठे गेलं? सामान म्हणजे मशिनं. कारखाना किती सुंदर दिसतो, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. मी चारही प्रश्न मोबाइलमध्ये टिपून ठेवले.

ड्युसेलडॉर्फहून ड्यूसबुर्गला लोकल गाडीने पंधरा-वीस मिनिटं लागतात. जर्मनीभर साध्या गाड्यांना, ट्रामला, बसला चालणारा महिन्याचा पास ५८ युरोंना घेतला होता. जलद गाड्यांना तो चालत नाही, पण या भागात जलद गाडी पकडेपर्यंत शहर संपतं. ड्यूसबुर्ग, ओबरहाउझेन, एसेन, बोखुम, डॉर्टमुंड ही सगळी ठाणे-कळवा-मुंब्रा असावं तशी एकमेकांना खेटून उभी आहेत. रूर नदीच्या नावाने ओळखला जाणारा हा पट्टा दीडशे वर्षं कोळसा आणि पोलाद यांवर जगला.

स्टेशनवरून ९०३ नंबरची ट्राम घेतली. लांडशाफ्ट्सपार्क-नोर्ड या थांब्यावर उतरून दहा मिनिटं चालायचं. दोन्ही बाजूंना साधी घरं, एका खिडकीत मांजर, सायकलवरून घरी निघालेली मुलं. आणि मग घरांच्या छपरांवरून अचानक हिरवी, निळी, लाल धुराडी दिसायला लागली.

ड्यूसबुर्गच्या माइडरिख भागातला हा कारखाना थिसेन या पोलाद कंपनीचा. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला उभा राहिला, १९८५च्या एप्रिलमध्ये बंद झाला. त्यात लोखंड वितळवणाऱ्या पाच भट्ट्या होत्या आणि त्यांनी मिळून ३ कोटी ७० लाख टन कच्चं लोखंड ओतलं. युरोपात पोलाद गरजेपेक्षा जास्त झालं होतं, कोण किती बनवणार याच्या वाटण्या ठरल्या आणि त्यात हा कारखाना कामातून गेला. पाडून टाकायचा विचार होता, आसपासच्या लोकांनी तो हाणून पाडला. १९९१ साली कारखान्याचीच बाग करायची पेटर लाट्स या लँडस्केप आर्किटेक्टची योजना निवडली गेली. तिचं सार असं, की फारसं काही करायचं नाही. १९९४ला बाग खुली झाली. रात्रीची ही रोषणाई जोनाथन पार्क या ब्रिटिश कलाकाराची, १९९६ची. पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या कार्यक्रमांचे मंच रचणारा माणूस तो, त्यामुळे भट्टीही जरा रॉकस्टारसारखीच उभी असते.

राहायला जागा आतच मिळाली. कारखान्याच्या जुन्या ऑफिसच्या इमारतीत आता युथ हॉस्टेल आहे. सामान टाकलं आणि लगेच पाच नंबरच्या भट्टीकडे गेले. तिकीट नाही, पहारा नाही, बागेला दारं लावायची वेळ नाही. जिना दिसला की चढायचं.

चढणं मात्र माझ्यासारखीचं काम नाही. पायऱ्या लोखंडी जाळीच्या आहेत, म्हणजे खाली बघितलं की पायाखालून थेट तळमजला दिसतो, आणि रात्री तो लाल दिसतो. तिसऱ्या वळणावर मी कठडा दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. मागून एक आजी नातवाला घेऊन आल्या, मला "हॅलो" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मग लाजेखातर चढले. वर, सुमारे सत्तर मीटरवर, वारा आणि अंधार. एका बाजूला शहराचे दिवे, ऱ्हाइनच्या दिशेला आणखी एक दिव्यांचं जंगल, आणि त्यातून पांढऱ्या वाफेचे लोट.

शेजारच्या माणसाला विचारलं, तीसुद्धा रोषणाई का?

"नाही," तो म्हणाला. "तो चालू आहे."

दुसरा दिवस, शनिवार

सकाळी रंग गेले होते. उजेडात कारखाना तपकिरी दिसतो, गंजाच्या पंचवीस-तीस छटांचा. मला तोच जास्त आवडला.

अकरा वाजता वाटाड्याबरोबरची फेरी होती. जर्मनमधली, म्हणजे मला निम्मी कळणारी. पण फेरी नेणारे आजोबा मोडकंतोडकं इंग्रजीही बोलायचे आणि मी भारतातून आले आहे, वडील गिरणीत होते हे कळल्यावर ते अधूनमधून माझ्यासाठी थांबायला लागले. ते इथे शिकाऊ म्हणून लागले आणि बंद होईपर्यंत होते.

भट्टी कशी चालायची हे त्यांनी रेलिंगवर बोटाने चित्र काढून सांगितलं. वरून थर टाकायचे, कोक, खनिज, चुनखडी, पुन्हा कोक. खालून तापवलेली हवा फुंकायची. हवा तापवायला बाजूला ते उंच गोल टोपीवाले मनोरे. आतला माल वितळत, खचत खाली येतो आणि तळाशी लोखंड साठतं, त्यावर मळी तरंगते. काही तासांनी तळाचं भोक फोडायचं, लोखंड वाहून जाऊ द्यायचं, मग मातीच्या बोळ्याने भोक बंद करायचं. भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. दिवाळी नाही, नाताळ नाही. "ती सुट्टी घेत नव्हती," आजोबा म्हणाले, "म्हणून आम्हीही नाही."

लोखंड ओतायच्या शेडमध्ये ते सगळ्यात जास्त वेळ थांबले. जमीन वाळूची, तिच्यात पन्हाळीसारखे चर. भट्टीच्या बुंध्याशी निघणारा मोठा चर पुढे फुटत, वळत शेडच्या टोकापर्यंत जातो आणि तिथे खालच्या मजल्यावर रूळ आहेत, तापलेलं लोखंड घेऊन जाणाऱ्या डब्यांसाठी. चराच्या काठाला मी हात लावला. गार, खरखरीत, आणि एका जागी लोखंडाचा एक ओघळ तसाच थिजलेला, मेणबत्तीच्या मेणासारखा. जवळजवळ चौदा-पंधराशे अंशांचं लोखंड इथून वाहिलं आणि त्यातलं एवढं बोटभर मागे राहिलं. शेवटच्या ओतण्याचं असेल की आधीचं, हे विचारायचं राहून गेलं.

बाबांचा पहिला प्रश्न मी इथे विचारला. पाणी कुठे प्यायचे?

आजोबा हसले नाहीत. उलट त्यांनी मला शेडच्या एका कडेला नेलं, खांबाच्या मागे. "इथे उभं राहायचं. ही शेड उघडी आहे बघा, भिंती नाहीत. हिवाळ्यात पुढून भाजायचं आणि पाठ गारठायची. पाठ शेकायला वळलं की मुकादम ओरडायचा. प्यायचं ते घरून आणायचं, चहा, बाटलीत भरून." मग जरा थांबून म्हणाले, "आणि गेटाबाहेर मिळायचं तेही. पण ते पाणी नव्हतं."

बाबांच्या खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवायचे, सूत तुटू नये म्हणून. मी आजोबांना ते सांगितलं. कापसाच्या भुग्याचंही सांगितलं, घरी आल्यावर बाबांच्या भुवया पांढऱ्या असायच्या हे आई अजून सांगते तेही. त्यांनी मान डोलावली आणि स्वतःच्या भुवयांवरून बोट फिरवून म्हणाले, "आमच्या जळायच्या."

फेरी संपल्यावर दिवसभर एकटीच भटकले. बाग मोठी आहे, सुमारे १८० हेक्टर, आणि लोकांनी तिचा जो काही वापर चालवलाय तो बघत बसण्यासारखा आहे. खनिज साठवायच्या काँक्रीटच्या कोठारांच्या भिंतींवर गिर्यारोहण मंडळाने चढाईच्या वाटा ठोकल्या आहेत. सात-आठ वर्षांच्या पोरी दोराला लटकत भिंत चढत होत्या आणि खाली त्यांचे बाबा सँडविच खात दोर धरून उभे. भट्टीचा वायू साठवायची टाकी, तीत आता पाणी भरलंय, तेरा मीटर खोल, आणि लोक त्यात बुडी मारायचं शिकतात. बुडणाऱ्यांना कंटाळा येऊ नये म्हणून तळाला एक बोट आणि एक मोटार टाकून ठेवली आहे. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी थाप समजले असते. मोठ्या चौकाला लोखंडाच्या ४९ लाद्या बसवल्या आहेत, ओतकामाच्या खड्ड्यांतून काढलेल्या. प्रत्येकीवर वितळलेल्या लोखंडाने केलेल्या नक्षीची खोल झीज आहे. एका लादीवर बसून मी सफरचंद खाल्लं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो झाडांत. रुळांमधून बर्च उगवलेत, मनगटाएवढे, मांडीएवढे. ते कुणी लावले नाहीत. खडीत पिवळ्या बारीक फुलांची झुडपं सगळीकडे, ऑक्टोबरातही फुललेली. फलकावर लिहिलं होतं, हे मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. इथे जगभरातून खनिज यायचं, गाड्यांतून, बोटींतून, त्याबरोबर बियाही यायच्या. कारखाना बंद झाला, खनिज यायचं थांबलं, पण तण टिकून राहिलं.

सगळंच स्वच्छ झालेलं नाही. काही कोठारं कायमची बंद केली आहेत. त्यांत विषारी माती कोंडली आहे आणि वर बाग केली आहे. दार नसलेली खोली आणि छपरावर गवत, हे दृश्य दिवसा फार काही वाटत नाही. रात्री हॉस्टेलच्या खिडकीतून आठवलं तेव्हा मात्र बरं वाटलं नाही.

तिसरा दिवस, रविवार

पाऊस. रविवारी जर्मनी बंद असते हे माहीत होतं, किती बंद असते ते आज कळलं. मी ट्राम उलट्या दिशेची पकडली, चार थांबे गेल्यावर लक्षात आलं, उतरले तर थांब्याला आडोसा नाही. छत्री वाऱ्याने उलटली. पंधरा मिनिटं एका बंद बेकरीच्या दारात उभी होते. आतल्या रिकाम्या कपाटांना भूक लागलेला माणूस किती वेळ बघू शकतो, याचा अनुभव घेतला.

शेवटी ड्यूसबुर्गच्याच मार्क्सलो भागात पोचले. ज्या वाफेचे लोट शुक्रवारी वरून दिसले होते, तो चालू कारखाना याच बाजूला आहे. ट्राम त्याच्या भिंतीकडेने बराच वेळ जाते. नळ, पूल, धुराडी, पुन्हा नळ. आणि आवाज! काल दिवसभर ज्याची चुकल्यासारखी जाणीव होत होती ते हेच. काल एवढा मोठा कारखाना बघितला आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज कावळ्यांचा होता. इथे जमिनीतून बारीक गुरगुर येते, कानांपेक्षा तळपायांना आधी कळते. पण यालाही दिवस फार बरे नाहीत. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने जाहीर केलं की पोलाद विभागातल्या सुमारे ११,००० जागा २०३०पर्यंत कमी होतील, काही थेट, काही बाहेर सोपवून.

मार्क्सलोच्या मुख्य रस्त्यावर, वेझेलर श्ट्रासेवर, ओळीने लग्नाच्या कपड्यांची दुकानं आहेत. बहुतेक तुर्की मालकांची. १९६१ साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणायचा करार केला, माणसं खाणींत आणि भट्ट्यांवर आली, काही वर्षांनी परत जातील असं दोन्ही बाजूंनी धरलं होतं. ती गेली नाहीत. रत्नागिरी-सावंतवाडीहून गिरणीत आलेले आमचे लोकही दर मे महिन्यात "दोन वर्षांनी गावीच" म्हणायचे. दुकानं बंद होती, पण काचेआड पांढऱ्याशुभ्र झग्यांतल्या पुतळ्यांची रांग, त्यांच्यावर मोत्यांची, खड्यांची कलाकुसर, आणि काचेत उमटलेलं मागचं धुराडं. फोटो काढला, तर त्यात मधोमध मी, उलटलेली छत्री घेऊन. काढून टाकला.

उघडी होती ती फक्त टपरी. ट्रिंकहाल्ले म्हणतात, शब्दशः पिण्याचं दालन. लोकांच्या तोंडी 'बूडे'. मराठी कानाला हसू येतं, पण आहे तेच. काचेच्या बरण्यांत गोळ्या, वर्तमानपत्रं, सिगारेटी, बिअर, कॉफी. कोपऱ्याकोपऱ्यावर अशा टपऱ्या या भागात आहेत. एकोणिसाव्या शतकात त्या मुळात निघाल्या त्या बाटलीतलं पाणी विकायला. खाणी-कारखान्यांभोवती नळाचं पाणी न उकळता पिण्यासारखं नव्हतं, आणि कामगारांनी दारूऐवजी पाणी प्यावं अशीही मालकांची इच्छा. दुसऱ्या इच्छेचं काय झालं ते फळीवरच्या बाटल्यांवरून दिसत होतं. म्हणजे आजोबा काल गेटाबाहेरचं म्हणाले ते हेच. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. टपरीवाल्याने माझी अवस्था बघून कॉफीचा मोठा कप भरला आणि पैसे छोट्याचे घेतले.

दुपारी पाऊस थांबल्यावर बसने ऱ्हाइनच्या पुलावर गेले. या पुलाला 'एकजुटीचा पूल' असं नाव आहे. १९८७च्या अखेरीस पलीकडच्या ऱ्हाइनहाउझेनचा क्रुपचा पोलाद कारखाना बंद करायचं ठरलं. पाच हजारांहून जास्त नोकऱ्या. १० डिसेंबरला कामगारांनी हा पूल अडवला, आणि एकटे कामगारच नव्हते, त्यांच्या बायका, दुकानदार, शिक्षक, पाद्रीसुद्धा. लढा हिवाळाभर चालला. १९९३च्या ऑगस्टमध्ये कारखाना अखेर बंद झालाच. तिथे आता गोदामं आणि कंटेनरचं मोठं ठाणं आहे. चीनहून थेट मालगाड्या ड्यूसबुर्गला येतात.

पुलावर मधोमध उभी राहून बाबांना फोन लावला. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या आधी मिळालं होतं. ट्रकच्या आवाजात मी जोरजोरात बोलत होते.

"पूल अडवला?" बाबांनी विचारलं.

"हो."

"किती दिवस?"

"पूल थोडाच वेळ. भांडण पाचएक महिने."

"आणि मग बंद पाडला?"

"पाच वर्षांनी."

"पाच वर्षं मिळाली त्यांना." मग आईला ओरडून सांगितलेलं ऐकू आलं, "अगं, तिथंही हरलेच. पण पुलाला नाव दिलंय."

चौथा दिवस, सोमवार

एसेनची त्सोलफराइन खाण. स्टेशनवरून १०७ नंबरची ट्राम थेट दारात नेते. जगातली सर्वांत सुंदर कोळसाखाण असं तिला म्हणतात आणि युनेस्कोच्या यादीत ती २००१पासून आहे. बारा नंबरच्या शाफ्टवरचा, म्हणजे खाणीत उतरायच्या विहिरीवरचा, ५५ मीटरचा दुहेरी सांगाडा दिसल्यावर वाद घालावासा वाटत नाही. फ्रिट्स शुप आणि मार्टिन क्रेमर या जोडीने १९२८ ते ३२ या काळात हे सगळं रचलं, लाल विटा, लोखंडी चौकटी, प्रत्येक इमारत दुसरीशी काटकोनात. दिवसाला १२,००० टन कोळसा इथून निघायचा. २३ डिसेंबर १९८६ला खाण बंद झाली, नाताळच्या तोंडावर.

खरं सांगायचं तर माझं मन इथे रमलं नाही. सगळं पुसूनपासून ठेवलंय. कोळसा धुण्याच्या इमारतीत जायला बाहेरून नारिंगी दिव्यांचा लांबलचक सरकता जिना, तो वितळलेल्या पोलादासारखा दिसावा अशी कल्पना. वर रूर संग्रहालय. ते उत्तम आहे, तीन तास कसे गेले कळलं नाही. पण कॅफेत बसल्यावर मला कुठल्याही चांगल्या मॉलमध्ये असल्यासारखं वाटायला लागलं, आणि त्या भावनेचा मला गिरणगावामुळे विशेष तिटकारा आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र इथेच होतं. खाणकामगारांच्या आंघोळीच्या इमारतीला 'काउए' म्हणतात. तिथे कपाटं नसायची. छतावरून साखळ्या सोडलेल्या, प्रत्येक साखळीला आकडा. कामगार आपले कपडे आकड्याला अडकवून साखळी ओढायचा, कपडे छताशी जाऊन लटकायचे, मग साखळीला कुलूप. वर गरम हवा असते म्हणून घामाचे ओले कपडे दुसऱ्या पाळीपर्यंत वाळायचे. घरच्या कपड्यांची बाजू वेगळी, कामाच्या कपड्यांची वेगळी. शेकडो माणसांचे सदरे-विजारी डोक्यावर टांगलेल्या, खाली माणसं उघडी, एकमेकांच्या पाठी चोळतायत, कारण स्वतःच्या पाठीचा कोळसा स्वतःला निघत नाही.

त्सोलफराइनच्या एका जुन्या काउएमध्ये आता नृत्याचं केंद्र आहे. दार बंद होतं. काचेतून पांढऱ्या टाइल्सच्या भिंती दिसल्या आणि आत कुणीतरी अनवाणी, एकटंच, हात वर करून उभं होतं. सराव चालला असावा. मी दोन मिनिटं बघितलं. त्या व्यक्तीचे हात वरच राहिले.

संध्याकाळी संग्रहालयातली एक गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत होती. कोळसा काढून काढून इथली जमीन खचली आहे, काही ठिकाणी वीस मीटरहूनही अधिक. पाणी आता नदीकडे आपसूक वाहत नाही, उपसावं लागतं. खाणींत साठणारं पाणीही उपसावं लागतं, नाहीतर ते पिण्याच्या पाण्यात मिसळेल. जर्मनीतली शेवटची दगडी कोळशाची खाण, बोट्रोपची, २१ डिसेंबर २०१८ला बंद झाली, पण पंप बंद करता येत नाहीत. त्याचा खर्च खाण कंपनीच्या संपत्तीतून उभारलेली एक संस्था करते आणि हिशेबात त्या कामाचं नाव 'अनंतकाळची कामं' असं आहे. अनंतकाळ हा शब्द मी आजवर फक्त कीर्तनात ऐकला होता. हिशेबाच्या वहीत बघितला नव्हता.

पाचवा दिवस, मंगळवार

राहिला शेवटचा प्रश्न. सामान कुठे गेलं?

डॉर्टमुंडला यू-४१ या शहरी गाडीने ह्योर्डे भागात उतरले. स्टेशनातून पाच मिनिटांवर तळं आहे. सव्वा किलोमीटर लांब, कडेने फरसबंद वाट, शिडाच्या होड्या, पांढरी चौकोनी महागडी घरं, कुत्र्यांना फिरवणारी माणसं. या तळ्याला फिनिक्स तळं म्हणतात, कारण इथे फिनिक्स पोलाद कारखाना होता. नाव वाचून मला हसायला आलं. लोअर परळलाही फिनिक्सच. राखेतून उठणारा पक्षी म्हणे. एकीकडे तळं उठलं, दुसरीकडे मॉल.

इथे १८४१पासून लोखंडाचं काम होतं. २००१च्या एप्रिलमध्ये शेवटचं पोलाद निघालं. त्यानंतर जे झालं त्यासाठी मी ह्योर्डेला आले होते. शागांग नावाच्या चिनी कंपनीने कारखाना विकत घेतला. जमीन नाही, नुसता कारखाना. चीनहून कामगार आले, इथेच राहिले, आणि सगळं सुटं करून, तुकड्यांवर नंबर घालून, पेट्यांत भरून यांगत्झे नदीच्या मुखाजवळ नेलं. मागे राहिला तो खड्डा. मग तो आणखी खणला, विषारी माती हलवली, आणि १ ऑक्टोबर २०१०ला पाणी सोडायला सुरुवात केली.

तळ्याच्या कडेने एम्शर नदी वाहते. नदी म्हणजे नालाच, पण स्वच्छ. शंभर वर्षं ती रूरचं उघडं गटार होती. जमीन खचत असल्याने भूमिगत गटारं टिकत नव्हती, म्हणून सगळं सांडपाणी नदीतच सोडायचे. कारखान्याच्या खाली तर तिला नळात कोंडली होती. १९९२पासून तिच्या शेजारून जमिनीखाली मोठी गटारवाहिनी घालायचं काम चाललं आणि २०२१च्या अखेरीस सांडपाणी नदीत पडायचं थांबलं. मी वाकून बघितलं. तळाचे खडे दिसत होते. एक छोटा मुलगा काठीने पाण्यात काहीतरी टोचत होता आणि त्याची आई त्याला बहुधा तेच नको करू असं सांगत होती.

तळ्याकाठी कारखान्याची एक वस्तू ठेवली आहे. लोखंडाचं पोलाद करायचं भलंमोठं भांडं, पेअरच्या आकाराचं, म्हणून जर्मनमध्ये त्याला तेच नाव, 'बिर्ने'. आत वितळलेलं लोखंड, खालून हवेचा झोत, आणि ठिणग्यांचा डोंगर. आता त्याच्या चौथऱ्यावर दोन पोरं आइस्क्रीम खात बसली होती. मी भोवती फिरून आले, बाहेरच्या कवचावरचे रिव्हेट मोजायला लागले, चाळीसनंतर चुकले.

बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांना भांडं दाखवलं, तळं दाखवलं, घरं दाखवली. घरांवर ते काही बोलले नाहीत. मग सामानाचं सांगितलं. चीन, पेट्या, नंबर.

ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं नेट गेलं. आमच्या गिरणीचं सामान कसं गेलं हे मला माहीत आहे, आईने सांगितलंय. बाबा एकदा पगाराच्या थकबाकीची चौकशी करायला गेटावर गेले होते. आत गॅसकटर चालू होता, त्रासनच्या मशिनांचे तुकडे होत होते आणि गेटावर भंगाराचा ट्रक काट्यावर उभा होता. किलोच्या भावाने. त्या दिवशी ते दादरपासून चालत घरी आले होते.

"नंबर घातले होते प्रत्येक तुकड्यावर?" त्यांनी विचारलं.

"हो. पुन्हा जोडायचं होतं ना."

"मग जोडलं का?"

"जोडलं."

"म्हणजे तिकडं चालली मशिनं." त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि फोन तोंडाच्या अगदी जवळ धरला, इतका की स्क्रीनवर नुसती त्यांची भुवई दिसायला लागली. "ते भांडं परत दाखव जरा. तोंडाकडून. आतून दाखव."

आतून दाखवता येत नव्हतं, तोंड उंचावर होतं. मी हात ताणला, टाचा उचलल्या आणि फोन जमेल तेवढा वर धरला.